शेतकऱ्याच्या खांद्यावरची बंदूक

‘रानडुकराला लांबून, वेगवान रायफलने टिपलं तर त्याला कळतही नाही. तारेच्या फासात अडकून रात्रभर ओरडण्यापेक्षा ते बरं. तुमच्या अहिंसेलाही ते जास्त जवळचं.’ हा युक्तिवाद माझ्या कानावर इतक्या वेळा आला आहे, की त्याला एकदा उत्तर लिहूनच टाकावं म्हणते. सुट्टीला परदेशातून आलेली मुलं तो करतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले करतात, म्हापशात कपड्याच्या दुकानावर गप्पा मारायला थांबलेले करतात. आणि आपल्यातल्या बायका ‘खरंच की’ म्हणून मान डोलावतात, म्हणून जास्त राग येतो.

या युक्तिवादात दोन माणसं एकाच पोत्यात कोंबलेली आहेत. एक पेडण्याचा किंवा डिचोलीचा शेतकरी, ज्याची नाचणी, मिरची, कंदमुळं डुक्कर एका रात्रीत उकरून जातो. दुसरा तो, ज्याला सहाशे मीटरवरून जनावर पाडण्याची हौस आहे. पहिल्याचं दुःख पुढे करून दुसऱ्याची हौस भागवायची, असा हा बेत आहे. मराठीत याला दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणं म्हणतात. पुष्कळदा हे नुसतं बोलायचं असतं. इथे ती बंदूक खरोखरीची आहे, म्हणून आधी बंदुकीबद्दलच बोलू. बायकांनी यातलं काही समजून घ्यायचं नसतं अशी एक समजूत आहे, आणि तिचा फायदा नेहमी बंदूकवाल्यालाच होतो.

माझ्या माहितीतले एक निवृत्त सुभेदार आहेत. आयुष्य फौजेत गेलं. हिशेब त्यांनी समजावून दिला, मी तो कागदावर मांडून पाहिला, आणि तुम्हीही मांडून पाहा.

काडतुसात दारू पेटते, तिचा वायू होतो, तो वायू गोळीला नळीतून ढकलतो. घरच्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेच्या साधारण दुप्पट असतो. रायफलीच्या नळीत तो जवळजवळ चार हजार पट होतो. त्या वायूची उष्णता अडीच हजार अंशांच्या वर जाते. पोलाद दीड हजाराच्या आसपास वितळतं. नळी वितळत नाही, कारण हे सगळं एका सेकंदाच्या हजाराव्या भागात उरकतं. पण दर गोळीला नळीच्या सुरुवातीचा भाग, त्याला त्यांच्या भाषेतही ‘घसा’च म्हणतात, थोडा थोडा जळतो. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या गाळाला भेगा पडतात तशा बारीक भेगा त्या पोलादाला पडतात. नळीच्या आत पीळ दिलेले खाचे कोरलेले असतात, त्यांच्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत सरळ जाते. घशातले खाचे झिजले की गोळी नळीत वाकडी शिरते, आणि नेम बिघडू लागतो.

आता वेग. गोळी जास्त वेगाने जायला हवी तर दारू जास्त हवी. पण नळीचं भोक तेवढंच राहतं. मोठ्या हंड्याला लहान तोटी बसवावी तसं ते होतं. सगळी आग त्या चिंचोळ्या घशातूनच जाते. .३०८ विंचेस्टर हे जगात सगळीकडे चालणारं, बेताच्या वेगाचं काडतूस. त्याची गोळी सेकंदाला सुमारे ८०० मीटर वेगाने निघते, आणि नळी साधारण पाच हजार गोळ्या नीट चालते. त्याच जाडीची, त्याच वजनाची गोळी मोठ्या ‘मॅग्नम’ काडतुसातून सेकंदाला ९५० ते ९७५ मीटरने सोडायची, तर दारू दुप्पट जाळावी लागते. वेग वाढतो पाचवा हिस्सा. आणि नळीचं आयुष्य येतं हजार-दीड हजार गोळ्यांवर. काही फार तापट काडतुसांत हजाराच्याही खाली.

वेगाचं हे वेड नवीन नाही. अमेरिकेत १९३५ साली .२२० स्विफ्ट नावाचं काडतूस निघालं, गोळी सेकंदाला बाराशे मीटरच्या वर जायची. त्याची कीर्ती जेवढी वेगासाठी, तेवढीच नळ्या खाण्यासाठी झाली. पुढे १९४५ मध्ये कॅलिफोर्नियात रॉय वेदरबी या गृहस्थांनी वेगावरच कारखाना उभा केला. वेगवान गोळी जनावराला जागच्या जागी मारते, ही त्यांची श्रद्धा होती आणि जाहिरातही. आज जे आपल्याला पंगतीत ऐकवलं जातं, त्याचं मूळ तिथे आहे. ती दयेची भाषा एका मालाबरोबर आलेली आहे.

सुभेदारांनी आणखी एक हिशेब सांगितला, तो मी विसरू शकत नाही. एक गोळी नळीच्या आत साधारण सव्वा मिलिसेकंद असते. हजार गोळ्यांत जी नळी संपते, तिचं सगळं कामाचं आयुष्य मिळून सव्वा सेकंद होतं. लाखभर रुपयांच्या वस्तूचं आयुष्य सव्वा सेकंद! आमच्या आजीच्या लग्नातली पितळी परात अजून घरात आहे, हे त्यांना मी सांगितलं तर ते हसले.

पण प्रश्न नळीचा नाही. नळी बदलून मिळते. एवढं जाळून जनावराला नक्की काय दिलं जातं, हा आहे. म्हणणं असं, की वेग म्हणजे दया. तर ही दया मोजून पाहू.

सहाशे मीटर अंतर घ्या. लांबच्या शिकारीवाल्यांना हे काही फार वाटत नाही. साधी .३०८ ची गोळी तिथे पोचायला एक सेकंदाच्या आतबाहेर वेळ घेते, कारण हवा तिला वाटेत धीमी करते. मॅग्नमची गोळी पाऊण सेकंद घेते. म्हणजे दुप्पट दारू जाळून, नळीचं चार-पंचमांश आयुष्य घालवून, कमाई होते पाव सेकंदाची. आणि उरलेल्या पाऊण सेकंदात काय होतं? चरणारं डुक्कर सावकाश चालत असलं तरी सेकंदाला मीटरभर सरकतं. चाप ओढला तेव्हा ते उभं होतं, गोळी पोचली तेव्हा त्याने एक पाऊल पुढे टाकलेलं आहे. छातीवर धरलेला नेम पोटात लागतो. पोटात लागलेलं जनावर जागच्या जागी पडत नाही. ते रानात शिरतं, आणि तासन्‌तास, कधी दिवसभर मरत राहतं. त्यात ती गोळी तेवढ्या अंतरावर माणसाच्या उंचीपेक्षा जास्त खाली आलेली असते, म्हणून अंतर मोजण्यात थोडी चूक झाली तरी नेम गेला. वारा वेगळाच. जनावराने पाऊल टाकायचं की नाही, हे कुठल्याही कारखान्याच्या हातात नाही. ते ठरवायचा अधिकार अजून त्या जनावराकडेच आहे.

‘सराव केला की जमतं’ असं उत्तर येतं. मग सरावाचा हिशेब पाहा. लांबचा नेम बसायला शेकडो गोळ्या झाडाव्या लागतात. ज्याची नळी हजारात संपणार, तो सरावालाच काटकसर करतो. जितकी रायफल वेगवान, तितका तिचा मालक हात राखून सराव करणार! आणि नळीचा घसा हळूहळू जळतो, एका दिवसात नाही. नेम कधी बिघडू लागला हे मालकाला लगेच कळत नाही. ते आधी कळतं एखाद्या जनावराला, ज्याला गोळी चार बोटं बाजूला लागते. नळीच्या आयुष्याची शेवटची शंभर काडतुसं कोणाच्या अंगावर तपासली जातात, हा प्रश्न मी ‘दयाळू’ शिकाऱ्यांना विचारते. उत्तर मिळत नाही.

आणि हो, ‘कळतही नाही’ हे अर्धसत्य आहे. गोळी आवाजाच्या आधी पोचते, हे खरं. नेम अचूक बसला तर त्या एका जनावराला आवाज ऐकू येणार नाही. पण डुकरीण एकटी क्वचितच फिरते. मागून येणाऱ्या पिल्लांना तो आवाज ऐकू येतो.

आता आपल्या मुलखात या. मी विचारते, सहाशे मीटर दिसतं कुठे? पेडण्याच्या काजूच्या बागेत उभं राहा, डिचोलीच्या कुळागरात माडा-पोफळींच्या मध्ये उभं राहा. चाळीस-पन्नास पावलांपुढे पान हललं की कोण आहे ते समजत नाही. डुक्कर येतं रात्री, बांधाच्या कडेने, हाकेच्या अंतरावर. एवढ्या जवळून अतिवेगवान गोळी मारली तर हलकी गोळी खांद्याच्या हाडावरच फुटून तिचे तुकडे होऊ शकतात. जखम मोठी, आणि खोल मात्र नाही. आणि चुकली तर? रायफलीची गोळी तीन-चार किलोमीटर जाऊ शकते. आपल्याकडे तीन किलोमीटरमध्ये दोन वाडे, एक शाळा, एक देऊळ आणि गुरं घेऊन निघालेली कोणीतरी बाई येते. शिकारीला गेलेल्याच्या हातून सोबत्यालाच गोळी लागल्याच्या बातम्या सत्तरीच्या रानातून आपण वाचतोच. अमेरिकेच्या उघड्या माळरानासाठी बनवलेलं शस्त्र आपल्या वाड्यांमध्ये आणायची कल्पना ज्याला सुचते, त्याने पेडणं फक्त विमानतळाच्या वाटेवरून पाहिलेलं असतं.

म्हणून म्हणते, त्या शेतकऱ्याचं नाव इथे घेऊ नका. त्याच्याकडे बंदूक असलीच तर ती बारा बोरची, नाहीतर जुनी ठासणीची, शेताच्या राखणीच्या परवान्यावर मिळालेली. तिचा मारा तीस-चाळीस मीटर. छर्रे सेकंदाला साडेतीनशे-चारशे मीटरने निघतात, दाब रायफलीच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाचा, आत खाचे नाहीत. म्हणून ती नळी झिजत नाही. पुसून-तेल लावून ठेवली तर आजोबाची नातवाला पुरते. बहुतेक वेळा ती हवेत उडवायची असते, आवाजाने डुक्कर, माकड पळावं म्हणून. आणि निवडणूक जाहीर झाली की तीही पोलीस ठाण्यात जमा होते. २०२४ ची लोकसभेची निवडणूक गोव्यात ७ मे रोजी झाली. काजूचा हंगाम तोच! ज्याची राखणीची बंदूक ऐन हंगामात ठाण्यात पडून राहते, त्याला लांब पल्ल्याच्या रायफलीच्या दयेबद्दल सांगायला जायचं म्हणजे थट्टा आहे.

आपल्या धर्मात गृहस्थासाठी हिंसेचे चार भाग सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. चूल पेटवली, जमीन नांगरली, घर-पीक-अब्रू राखताना हात उचलावा लागला, या गोष्टी गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाहीत. त्या कमीत कमी व्हाव्या, विवेकाने व्हाव्या, एवढंच त्याच्याकडून मागितलं आहे. पण मारायचं म्हणून ठरवून मारणं, ती संकल्पी हिंसा, तिला गृहस्थालाही सूट नाही. शिकार सप्तव्यसनांत मोजली आहे. व्यसन हा शब्द किती नेमका आहे पाहा! ज्याला सव्वा सेकंदाच्या आयुष्याची नळी परवडते, एक संपली की दुसरी बसवून मिळते, तो पोटासाठी किंवा पिकासाठी हे करत नाही.

शेतकऱ्याची हिंसा आणि शिकाऱ्याची हिंसा यांत आपले आचार्य फरक करत होते. तो फरक आपण हरवून बसलो. आपण दोघांना सारखंच ‘पापी’ म्हणतो, आणि त्यामुळे शिकाऱ्याचंच फावतं. शेतकरी आपल्यावर रागावतो, आणि रागावलेल्या शेतकऱ्याच्या आडून शिकारी पुढे येतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भाजी विकायला येणाऱ्या पेडण्याच्या बायका मला तोंडावर विचारतात, ‘बाये, डुकर मारू नको म्हणतंस, मग आमी खावचा काय?’ या प्रश्नाला ‘जीवदया’ एवढंच उत्तर देऊन पिशवी उचलून चालू लागणं मला तरी शोभत नाही. त्या पिशवीतली चवळी तिच्याच शेतातली आहे.

तिच्या शेतात डुक्कर येतंय कशाला, हेही विचारू या. मोपाच्या सड्यावरची हजारो झाडं गेली, आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं उडू लागली. डिचोलीत खाणींनी डोंगरच्या डोंगर पोखरले. पलीकडे दोडामार्गात रबराच्या बागा रानाला लागल्या. २०२५ मध्ये पावसाळा सरता सरता ‘ओंकार’ नावाचा हत्ती सिंधुदुर्गातून पेडण्यात उतरला आणि शेतांतून फिरला, तेव्हा सगळे बघायला धावले. तो काही शिकाऱ्यांची करमणूक करायला आला नव्हता. त्याची वाट आपण मोडली, म्हणून तो आपल्या वाटेवर आला. डुकराचं तेच, गव्याचं तेच. आणि गवा तर गोव्याचा राज्यप्राणी!

सरकारांना मात्र यादी करणं सोपं वाटतं. २०१६ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री रमेश तवडकर यांनी माकड, रानडुकरांच्या जोडीला मोरालाही उपद्रवी म्हणण्याचा विचार बोलून दाखवला होता. राष्ट्रीय पक्षी म्हणून हसण्यावारी गेलं. पण हसून विसरू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यातल्या उपद्रवी ठरवण्याच्या तरतुदीचा वापर करून त्याच सुमारास बिहारमध्ये नीलगाई मारायला परवानगी मिळाली. जून २०१६ मध्ये मोकामा भागात बाहेरून बोलावलेल्या बंदूकवाल्यांनी काही दिवसांत दोनशेहून जास्त नीलगाई पाडल्या. शेतकऱ्याच्या नावाने. पुढे २०१९ मध्ये त्याच राज्यात वैशाली जिल्ह्यात गोळी लागलेली, अजून हलत असलेली एक नीलगाय यंत्राने खड्ड्यात ढकलून पुरल्याचं चित्रण देशभर फिरलं. ज्यांना ‘कळतही नाही’ म्हणायचं असेल त्यांनी ते पाहावं. मी पाहिलं, आणि दोन दिवस जेवण गेलं नाही.

कोणी म्हणेल, मग काय, पीक जाऊ द्यायचं? नाही. पीक राखायचंच. कायद्याच्या कलम ११ मध्ये, उभ्या पिकाला धोका झालेलं जनावर मारायची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक लेखी, कारणं देऊन देऊ शकतो. तो शेवटचा उपाय आहे, आणि तो वनखात्याने, जवळून, नेम पक्का असलेल्या माणसाकडून आणि जखमी जनावराचा माग काढायची जबाबदारी घेऊनच करावा. त्याला मी पुण्य म्हणणार नाही. पण त्याला खेळही होऊ देणार नाही. कोणी पैसे भरून, रायफल घेऊन, फोटो काढायला येणार असेल, तर तो शेवटचा उपाय राहत नाही, धंदा होतो. रानडुकराच्या मटणाला आपल्याकडे गिऱ्हाईक आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. एकदा दार उघडलं, की कुठलं डुक्कर पिकासाठी मेलं आणि कुठलं ताटासाठी, हे कोण तपासणार?

आता मैत्रिणींनो, आपल्याकडे वळते. हे लिहायचं खरं कारण तेच आहे.

अनर्थदंडाचे पाच प्रकार आपण व्रतांच्या पुस्तकात वाचतो. त्यात एक आहे हिंसादान: दुसऱ्याला शस्त्र, विष, आग पुरवणं. दुसरा आहे दुःश्रुती: हिंसेला चटक लावणारं ऐकणं, वाचणं, पाहणं. आपण स्वतः चाप ओढत नाही, एवढ्यावर निर्धास्त असतो. पण मुलगा परदेशातून हरणाच्या शिंगांना धरून काढलेला फोटो पाठवतो, तेव्हा ‘किती लांबून मारलंस रे?’ असं कौतुकाने कोण विचारतं? ‘तिकडे कायद्याने चालतं’ म्हणून समजूत कोण काढून घेतं? तिकडे दारूही कायद्याने चालते, आणि ती घरात आली की आपण तीन दिवस बोलत नाही. शिकारीचा फोटो मात्र कुटुंबाच्या गटात फिरतो आणि खाली अंगठे उमटतात. मुलाला सरळ विचारा: तुझ्या नळीच्या आतापर्यंत किती गोळ्या झाल्या? त्यातल्या किती कागदावर आणि किती जनावरावर? जी जनावरं पडली नाहीत, ती कुठे गेली? आईने विचारलेला हिशेब द्यावाच लागतो.

दुसरं, पैशाचं. आपला समाज जीवदयेसाठी हात आखडत नाही. कबुतरांना दाणे, पांजरपोळात चारा, पर्युषणात देणग्या. चांगलंच आहे. पण पेडण्यातल्या एखाद्या बाईच्या दोन कुणग्यांना सौर कुंपण करून द्यायला आपण कधी वर्गणी काढली? कृषी खात्याचं अनुदान आहे, पण आपला वाटा आधी भरायला तिच्याकडे पैसे नसतात. शेतकरी आधार निधी आहे, पण पंचनामा, अर्ज, सातबाऱ्याच्या जागी लागणारा एक-चौदाचा उतारा, भाटकाराचं नाव, कुळाचं नाव यांत तिचा हंगाम निघून जातो. आपल्यात शिकलेल्या, निवृत्त, लिहिता-वाचता येणाऱ्या किती जणी आहेत! महिन्यातून दोन शुक्रवार बाजाराशेजारी बसून अर्ज भरून दिले, तरी पुष्कळ होईल. कुंपणाने वाचलेलं एक शेत म्हणजे न लावलेला एक फास. आणि डुकरासाठी लावलेल्या त्या तारेच्या फासात आपल्याकडे बिबटे अडकून मेले आहेत. एक फास कमी झाला तर किती जीव वाचतात, हा हिशेब आपल्याला जमायला हवा. पापपुण्याचे याहून बारीक हिशेब आपण रोज करतो.

डिचोली तालुक्यात कुडण्याला जैन बस्तीचे अवशेष आहेत. या मातीत आपण पाहुणे नाही. आणि मोल्याचं अभयारण्य, २४० चौरस किलोमीटरचं, भगवान महावीरांच्या नावाने आहे. १९६९ मध्ये ते झालं तेव्हा त्याला मोले गेम सँक्च्युअरी म्हणत. इंग्रजीत ‘गेम’ म्हणजे खेळ, आणि शिकारीचं जनावरही. तो शब्द पुसून तिथे महावीरांचं नाव आलं. कोणाच्या मनात काय होतं मला ठाऊक नाही, पण ते नाव आलं आहे, आणि ते आपल्याला जबाबदार धरतं. त्याच राज्यात आज कोणी ‘खेळ’ परत आणू पाहत असेल, आणि तोही आपल्याच अहिंसेचा दाखला देऊन, तर गप्प बसणं आपल्याला परवडणारं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी पंगतीत कोणी म्हणालं, की वेगवान गोळी दयाळू असते, तर मान डोलावू नका. पाव सेकंदाचा हिशेब सांगा. जनावराच्या एका पावलाचा सांगा, जळालेल्या घशाचा सांगा. मग विचारा, तुझं शेत कुठे आहे? बहुतेकदा शेत नसतंच. आणि ज्या बाईचं शेत आहे, तिने रायफल मागितलेली नाही. तिने कुंपण मागितलंय, भरपाई वेळेवर मागितली आहे, आणि निवडणुकीच्या दिवसांत रात्री राखण कोणी करायची, एवढंच विचारलंय. या तीन गोष्टी घेऊन आपण गेलो तर ती आपलं ऐकेल.

तोवर तिच्या खांद्यावरची बंदूक आधी खाली उतरवू या. ती तिची नव्हेच.